गॉटहार्डचा घाट: नागपूरहून निघून त्रेमोलाची जुनी वाट गाडीने कशी चढावी

आल्प्समधला घाट स्वतः गाडी चालवून चढायचा असेल, तर पैशाआधी तारखेचा विचार करा. नागपुरातली बहुतेक कुटुंबं परदेशवारीला एप्रिल-मेमध्ये निघतात. शाळेला सुटी असते आणि नवतप्याच्या आधी शहर सोडायचं असतं. नेमक्या त्याच दिवसांत स्वित्झर्लंडमधली गॉटहार्डची खिंड बर्फाखाली बंद असते. २१०६ मीटर उंचीवरचा हा रस्ता साधारणपणे मेअखेरीला किंवा जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठी बर्फवृष्टी झाली की बंद होतो. तारीख दरवर्षी बदलते, कारण ती बर्फावर ठरते. खिंडीच्या दक्षिण उतारावरची जुनी दगडी वाट, म्हणजे त्रेमोला, अनेकदा नव्या रस्त्यानंतर काही दिवसांनी खुली होते. मे महिन्यात तिकीट काढून तिथे गेलात तर बंद फाटक बघून परतावं लागेल.

यात विदर्भाला एक सवलत आहे. आपल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटी सुरू होतात. त्यामुळे जूनचा तिसरा आठवडा आपल्याला मिळतो आणि तोवर खिंड बहुतेक वर्षी उघडलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये रस्ता नक्की खुला असतो, पण शनिवार-रविवारी मोटरसायकली आणि सायकलींची रीघ लागते. ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांनी सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे धरावेत. गर्दी ओसरलेली असते आणि हवा बऱ्यापैकी स्थिर असते. दिवाळीच्या सुटीवर मात्र हा बेत आखू नका, तेव्हा खिंड बंद होण्याच्या मार्गावर असते किंवा बंद झालेली असते.

बोगदा असताना घाट कशासाठी

या डोंगराखालून तीन वाटा गेल्या आहेत. १८८२ मध्ये १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा सुरू झाला. तो खोदणारे कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये, काम चालू असताना बोगद्यातच वारले. ५ सप्टेंबर १९८० रोजी १६.९ किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा उघडला. १ जून २०१६ रोजी ५७ किलोमीटरच्या, जगातल्या सर्वात लांब रेल्वे बोगद्याचं उद्घाटन झालं. सहलीच्या बसगाड्या रस्त्याच्या बोगद्यातून जातात, त्यामुळे प्रवाशाला दिव्यांच्या रांगेपलीकडे काही दिसत नाही. त्यातच सुटीच्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी कित्येक किलोमीटरच्या रांगा लागतात. त्या दिवशी वरचा रस्ता मोकळा असेल तर घाटाने जाण्यात वेळेचंही फारसं नुकसान नाही.

खरं कारण मात्र रस्ता स्वतः आहे. १८३० च्या सुमारास या खिंडीवरून पहिल्यांदा सलग गाडीरस्ता झाला. उरी या उत्तरेकडच्या कँटनच्या (प्रांताच्या) बाजूला कार्ल इमान्युएल म्युलर आणि तिचिनो या दक्षिणेकडच्या कँटनच्या बाजूला फ्रान्चेस्को मेस्कीनी हे त्याचे अभियंते. त्याआधी इथून खेचरांचे तांडे चालत आणि माल पाठीवरून जाई. मेस्कीनींनी त्रेमोलाच्या अरुंद घळीत घोडागाडीला झेपेल अशा चढाचा रस्ता बसवला. जवळजवळ ४ किलोमीटरमध्ये २४ हेअरपिन वळणं आणि सुमारे ३०० मीटर चढण. म्हणजे सरासरी दर शंभर मीटरला साडेसात मीटर. वळणांचे बाहेरचे कठडे दगडी भिंतींवर तोललेले आहेत आणि काही ठिकाणी त्या भिंती आठ मीटर उंच आहेत. ग्रॅनाइटच्या चिऱ्यांची फरसबंदी नंतर, विसाव्या शतकात आली. हा रस्ता घोड्यांच्या ताकदीच्या आणि लाकडी ब्रेकच्या हिशोबाने बांधला आहे. ताशी २० किलोमीटरला तो उत्तम चालतो आणि ४० ला त्रास देतो. पुढे गाडी चालवण्याबद्दल जे सांगितलं आहे ते सगळं यावरूनच निघतं.

निघण्याआधी नागपुरात करायची कामं

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून मिळतं. अर्ज सारथी पोर्टलवर भरायचा आणि पत्त्याप्रमाणे शहर, पूर्व किंवा ग्रामीण कार्यालय निवडायचं. फी १,००० रुपये. लायसन्स आणि पासपोर्टसोबत व्हिसाही लागतो, म्हणून हे काम व्हिसा हातात आल्यावरच होतं आणि शेवटच्या आठवड्यावर येऊन पडतं. परमिटची मुदत एक वर्ष असते, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. लायसन्सची तारीख आजच बघून ठेवा, नूतनीकरण आणि परमिट ही दोन्ही कामं एका आठवड्यात होत नाहीत. गाडी घेताना मूळ लायसन्स आणि परमिट दोन्ही दाखवावी लागतात. एकट्या परमिटवर गाडी मिळत नाही.

गाडी ऑटोमॅटिक आणि लहान घ्या. आधीच सगळं उलट्या बाजूला असतं, त्यात उजव्या हाताने गिअर बदलायचा भार नको. सहा-सात जणांसाठी नऊ सीटची व्हॅन घ्यायचा मोह होतो, पण त्रेमोलावर ती नको. तिचा मागचा आतला टायर वळणात कठड्याच्या दगडावर चढतो. दोन लहान गाड्या घ्या, नाहीतर व्हॅन खिंडीवरच्या पार्किंगमध्ये ठेवून जुनी वाट पायी बघा. बुकिंग करताना विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ येतो का ते विचारा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात आणि दगडी रस्त्यावर नेमकी त्यांनाच इजा होते. अनामतीसाठी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, बायकोचं किंवा वडिलांचं चालत नाही. दुसरं कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव करारात असायलाच हवं.

बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिथे कायद्याने चाइल्ड सीट लागते. मांडीवर घेऊन बसणं चालणार नाही. सीट बुकिंगसोबतच मागा. मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे.

मोटरवेसाठी ४० फ्रँकचा व्हिन्येट, म्हणजे टोल भरल्याचा परवाना, लागतो. तो वर्षाचाच मिळतो, आठवड्याचा किंवा दिवसाचा मिळत नाही. गाडी स्वित्झर्लंडमध्येच भाड्याने घेतली तर सहसा तो असतो. मिलान किंवा म्युनिकहून घेतलेल्या गाडीवर असेलच असं नाही, आणि नसताना पकडलं गेलात तर २०० फ्रँक दंड आणि वर व्हिन्येटचे पैसे. आता गाडीच्या नंबरवर ऑनलाइनही घेता येतो. खिंडीच्या रस्त्याला टोल नाही आणि व्हिन्येटही लागत नाही. तो लागतो खिंडीपर्यंत नेणाऱ्या मोटरवेला आणि बोगद्याला.

खाण्याच्या पिशवीबद्दल एक गोष्ट. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. संत्रा बर्फीत खवा असतो, ती घरीच ठेवा. चिवडा, भाजलेले शेंगदाणे, सावजी मसाल्याची पुडी हे चालतं.

आणि सराव. नागपूर सपाट आहे. वर्षानुवर्षं वर्धा रोड आणि समृद्धीवर गाडी चालवणाऱ्याचा पाय उतारावर नकळत ब्रेकवरच राहतो. जाण्याआधी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा किंवा मटकुलीहून पचमढीचा घाट दोनदा चढा-उतरा. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून किती वेळा ब्रेकला पाय लागतो ते मोजा. आकडा निम्म्यावर आला की समजा तयारी झाली.

वाट कशी आखायची

बहुतेक लोक ल्युसर्नहून येऊन खिंड ओलांडतात आणि त्रेमोला उतरतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आमचा सल्ला वेगळा आहे: त्रेमोला चढा, उतरू नका. चढताना गाडीचा वेग आपोआप ताब्यात राहतो, ब्रेक तापत नाहीत आणि वळणांची सगळी चळत समोर दिसते. उतरताना तेच सगळं बॉनेटच्या आड जातं.

त्यासाठी मुक्काम खिंडीच्या उत्तरेकडच्या आंडरमाट गावी करा, सुमारे १४४० मीटरवर. सकाळी आंडरमाट, होस्पेन्टाल, नव्या रस्त्याने खिंड, नव्याच रस्त्याने खाली दक्षिण पायथ्याचं आयरोलो (११७५ मीटर), तिथून त्रेमोलाने परत खिंडीवर आणि मग आंडरमाट. एकूण साधारण ५० किलोमीटर. थांबे धरून अर्धा दिवस पुरतो. आठच्या आत निघालात तर त्रेमोलावर साडेनऊपर्यंत जवळजवळ एकटेच असाल. मंगळवार ते गुरुवारमधला दिवस निवडा. टाकी आणि टायरची हवा आंडरमाटलाच बघून घ्या.

फोनचा नकाशा तुम्हाला बोगद्यात किंवा नव्या रस्त्यावर घालणार, कारण तो जवळची वाट शोधतो. 'मोटरवे टाळा' हा पर्याय सुरू करा, आयरोलोनंतर त्रेमोला हा मधला थांबा टाका आणि नकाशा डाउनलोड करून ठेवा. पाट्यांचे रंग लक्षात ठेवा: हिरवी पाटी मोटरवेची, निळी मुख्य रस्त्याची, पांढरी लहान रस्त्याची, तपकिरी पर्यटनस्थळाची. घाट चढायचा असेल तर आयरोलोत हिरव्या पाटीमागे जाऊ नका, ती बोगद्याकडे नेते.

खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ती खुली आहे की बंद हे सांगणारे मोठे फलक असतात. उत्तरेला जर्मनमध्ये 'ओफेन' म्हणजे खुली, 'गेश्लोसेन' म्हणजे बंद. दक्षिणेला इटालियनमध्ये 'आपेर्तो' आणि 'क्यूझो'. खिंड बंद असेल तर फाटकापर्यंत जाऊन बघू असं म्हणू नका, मागे फिरा.

शोलेनेनची घळ

ल्युसर्नकडून येताना गोशेनेनला मोटरवे सोडला की आंडरमाटपर्यंतचा रस्ता शोलेनेनच्या घळीतून चढतो. गॉटहार्डचा खरा अडथळा वरची खिंड नव्हती, ही घळ होती. खाली रॉइस नदी फेसाळत धावते आणि दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लाकडी पूल पडला आणि कड्याला साखळ्यांनी टांगलेली फळ्यांची वाट झाली, तेव्हा कुठे खिंड व्यापाराला खुली झाली. १७०७-०८ मध्ये पिएत्रो मोरेत्तीनींनी सुरुंग लावून त्या टांगत्या वाटेऐवजी ६४ मीटरचा बोगदा खोदला. त्याचं नाव उर्नरलोख, आणि तो आल्प्समधला पहिला रस्त्याचा बोगदा मानतात. आज त्याच जागेवरून रुंद केलेला रस्ता जातो. गाडीत बसलेल्याला तो अर्ध्या मिनिटात संपतो.

त्याच्या आधीचा सैतानाचा पूल पायी बघा. आंडरमाटहून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. इथे दोन कमानी एकावर एक दिसतात. खालची १८३० ची, आता पायी जाणाऱ्यांसाठी. वरची १९५८ ची, गाड्यांसाठी. त्याही आधीची १५९५ ची दगडी कमान १८८८ मध्ये कोसळली. दंतकथा अशी, की पूल सैतानाने बांधून दिला आणि मोबदल्यात तो पहिल्यांदा ओलांडणारा जीव मागितला. गावकऱ्यांनी माणसाऐवजी बोकड पाठवला. चिडलेल्या सैतानाने पूल फोडायला उचललेला धोंडा म्हणून गोशेनेनजवळ २२० टनांचा एक दगड दाखवतात. मोटरवेच्या आड येत होता म्हणून १९७७ मध्ये तो १२७ मीटर सरकवला. फोडून टाकला नाही, हे मला या रस्त्याच्या गोष्टीतलं सर्वात आवडतं.

पुलासमोरच्या कड्यात कोरलेला मोठा क्रूस रशियन सेनापती सुवोरोव्हच्या सैनिकांसाठी आहे. सप्टेंबर १७९९ मध्ये ते फ्रेंचांशी लढत खिंड ओलांडून या घळीत उतरले होते.

हेअरपिन वळण घ्यायचं कसं

तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. चिखलदऱ्यात चढताना डावं वळण घट्ट असतं आणि उजवं ऐसपैस. त्रेमोलावर हे उलटं होतं. उजवं वळण आतलं, घट्ट आणि उभं. डावं बाहेरचं, मोकळं. गडबड होते ती उजव्या वळणावर.

उजव्या वळणाच्या आतल्या कडेला चढ सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त असतो, कारण तेवढीच उंची फार कमी अंतरात चढायची असते. त्यातच २१०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा वीसेक टक्क्यांनी कमी असतो आणि टर्बो नसलेलं इंजिन साधारण तितकंच कमकुवत होतं. तिसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरलेली लहान गाडी तिथेच बंद पडते. म्हणून क्रम असा ठेवा.

वळणाच्या २०-३० मीटर आधी, सरळ रस्त्यावरच वेग १५ पर्यंत आणा. मॅन्युअल असेल तर दुसरा गिअर, वळण फारच घट्ट दिसलं तर पहिला. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोडवर जाऊन हेच करा. गिअर वळणात शिरण्याआधी बदललेला हवा. मान वर करून वळणापलीकडचा वरचा टप्पा बघा, तिथून कोण उतरतंय ते आत्ताच दिसतं, नंतर दिसणार नाही. उजव्या वळणावर शेजारी बसलेला माणूस आणि गाडीचा खांब तुमची दृष्टी अडवतात, म्हणून शेजाऱ्याला मागे टेकून बसायला सांगा. आपल्या लेनच्या डाव्या कडेला जा, पण मधली हद्द ओलांडू नका. स्टिअरिंग फिरवायची घाई नको. घाईने फिरवलं की मागचा आतला टायर पुढच्यापेक्षा आत चालतो आणि दगडावर घासतो. गाडीचं नाक वळणाच्या मध्यापर्यंत आलं की मग पूर्ण फिरवा, एक्सलरेटर हलका आणि एकसारखा. चाकं सरळ झाली की वेग वाढवा.

उजव्या सीटची सवय असलेल्यांची आणखी एक खोड असते. आपलं शरीर रस्त्याच्या मध्याशी गाडीचा उजवा कोपरा आहे असं धरून चालतं. डाव्या सीटवर बसल्यावर तो अंदाज चुकतो आणि गाडी सतत उजवीकडे सरकते. उजवा आरसा कठड्याला लागणं आणि उजव्या रिमला ओरखडे येणं हे त्याचेच परिणाम. यावर उपाय: पहिल्या तासभर शेजाऱ्याला एकच काम द्या, उजवी बाजू हातभर राहिली की सांगायचं. इंडिकेटर डाव्या हाताला असतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो उजवीकडे. पहिल्या काही वळणांवर वायपर फिरतील, घाबरू नका.

चढावर थांबावं लागलं तर हाफ क्लचवर गाडी तोलू नका. दोन-तीन मिनिटांत क्लचप्लेट जळते आणि वास येऊ लागतो. हँडब्रेक लावा, मग निघा.

चिरे कोरडे असताना टायर चांगले धरतात, गाडी फक्त थरथरते. पाऊस पडला की घासून गुळगुळीत झालेला ग्रॅनाइट निसरडा होतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी डांबरापेक्षा बरीच पुढे जाते. पाऊस सुरू असेल किंवा धुकं असेल तर त्रेमोलाचा हट्ट सोडा, नवा रस्ता वापरा. दिवसाही पुढचे दिवे चालू ठेवणं तिथे सक्तीचं आहे.

समोरून कोणी आलं तर

त्रेमोलाची रुंदी जागोजागी सहा मीटरच्या आसपास आहे. दोन लहान गाड्या सहज जातात. डोंगरी रस्त्यावर स्विस नियम असा: जागा अपुरी असेल तर उतरणाऱ्याने वेळेत थांबायचं, आणि तरीही जमत नसेल तर उतरणाऱ्यानेच मागे घ्यायचं. चढणाऱ्याच्या मागे जवळच सोयीची जागा उघड दिसत असेल तर मात्र चढणाऱ्याने. आपल्याकडे मोठी गाडी आली की लहान मागे सरते. तिथे दिशाही बघतात.

निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो पोस्टबसचा, म्हणजे तिथल्या पिवळ्या सार्वजनिक बसचा, डोंगरी मार्ग. अशा रस्त्यावर पिवळ्या बसला वाट द्यायची आणि तिचा चालक जे खुणावेल ते ऐकायचं. तीन सुरांचा भोंगा ऐकू आला तर पुढच्या वळणात शिरू नका. अलीकडच्या सरळ टप्प्यावर कडेला थांबा. वळण घेताना बसला रस्त्याची सगळी रुंदी लागते. आपल्यासारखा दर वळणावर हॉर्न वाजवायची तिथे रीत नाही. वळणापलीकडचं खरंच दिसत नसेल तर एकदा हलका वाजवा.

सायकलस्वार भरपूर असतात आणि चढताना ते दमून डगमगतात. त्यांना वळणात ओलांडू नका. सरळ टप्प्यावर दीड मीटर अंतर ठेवून पुढे जा. मागे गाड्या साचल्या तर मोकळी जागा बघून बाजूला थांबा आणि त्यांना जाऊ द्या.

उतरताना

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक 'डी'वर सोडली तर ती वरचा गिअर घेते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मॅन्युअल मोड वापरा, हायब्रिड असेल तर 'बी'. ब्रेक सतत हलका दाबून ठेवला की पॅड आणि डिस्क तापतात, पकड कमी होते, आणि फारच तापलं तर ब्रेक ऑइलमध्ये बुडबुडे होऊन पेडल नरम पडतं. म्हणून वळणाआधी घट्ट दाबा, वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. जळका वास आला तर पहिल्या मोकळ्या जागी थांबा आणि पंधरा-वीस मिनिटं डिस्क थंड होऊ द्या. उभ्या गाडीत पेडल दाबून ठेवू नका आणि डिस्कवर पाणी ओतू नका, वाकडी होते. न्यूट्रलमध्ये उतरणं म्हणजे जीवाशी खेळ, पेट्रोलही वाचत नाही.

मागच्या सीटवरच्यांना वळणांनी मळमळतं. सकाळी हलकं खा आणि मुलांच्या हातातले फोन घाटाआधी काढून घ्या. ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवा.

वर पोचल्यावर

खिंड म्हणजे एक लहानसं पठार आहे. तळी, जुनी धर्मशाळा, चॅपल, संग्रहालय आणि २०२० मध्ये उभ्या राहिलेल्या पाच पवनचक्क्या. चॅपल १२३० मध्ये मिलानच्या आर्चबिशपने संत गोडेहार्डच्या नावे अर्पण केलं आणि खिंडीला नाव तिथूनच पडलं. मुलताईच्या परिसरातून जशी तापी पश्चिमेला आणि वर्धा पूर्वेच्या समुद्राकडे निघते, तसं इथे उत्तरेचं पाणी रॉइसमधून ऱ्हाइनला मिळून नॉर्थ सीला जातं आणि दक्षिणेचं तिचिनो नदीतून पो नदीला मिळून एड्रियाटिकला. हवाही इथेच बदलते. उत्तरेला पाऊस आणि आयरोलोत लख्ख ऊन, हे नेहमीचं. आंडरमाटला ढग दिसले म्हणून लगेच बेत रद्द करू नका. खिंडीवरचा वेबकॅम बघून ठरवा.

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आयरोलोत २० अंश असतील तर वर चौदा, आणि वारा असला तर त्याहून कमी वाटतं. जुलैतही विंडचीटर आणि बंद बूट जवळ ठेवा. चपला घालून उतरलेली मंडळी पाच मिनिटांत गाडीत परततात. या उंचीवर निरोगी माणसाला सहसा उंचीचा त्रास होत नाही. हृदयाचा किंवा श्वसनाचा आजार असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून घ्या.

गाडी ठेवून त्रेमोलाच्या वरच्या दोन-तीन वळणांपर्यंत पायी उतरा, कारण गाडीतून हा रस्ता दिसत नाही. चिरे कमानीच्या आकारात, शेजारच्याला खांदा देत बसवलेले आहेत. गाडीचं वजन पडलं की एक चिरा दुसऱ्याला दाबतो, त्यामुळे खड्डा पडत नाही. वळणाखालच्या भिंतीतल्या दगडांत पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या फटी बघा. त्या नसत्या तर आत साचलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगलं असतं आणि भिंत बाहेर ढकलली गेली असती.

चालवायचं नसेल, किंवा खिंड बंद असेल

उन्हाळ्यात आंडरमाट ते आयरोलो पोस्टबस खिंडीवरून जाते. जागा आधी राखा. पाच घोड्यांची जुन्या धर्तीची टपालगाडीही पर्यटकांसाठी त्रेमोलावरून धावते. ती महाग आहे आणि महिनोन्महिने आधी भरते, पण हा रस्ता ज्यासाठी बांधला त्याच वाहनातून तो बघायचा हा एकच मार्ग.

मे महिन्यातच जावं लागलं तर गोशेनेन ते आंडरमाट रस्ता आणि दातेरी रुळांची लहान रेल्वे चालू असतात, म्हणजे शोलेनेनची घळ आणि सैतानाचा पूल चुकत नाही. पुढे आयरोलोला जुन्या, १८८२ च्या बोगद्यातून जाणाऱ्या गाडीने जा. त्याआधी, उत्तरेकडून गोशेनेनला येताना, वासेन गावाजवळ रूळ डोंगरात गोल फिरत चढतात आणि तेच चर्च तीन वेळा वेगवेगळ्या उंचीवरून दिसतं. तिकीट घेताना गाडी जुन्या मार्गाची आहे ना, हे विचारा. झुरिकहून लुगानोकडे जाणाऱ्या जलद गाड्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून जातात आणि यातलं काहीच दिसत नाही. स्वतःच्या गाडीने रस्त्याच्या बोगद्यातून गेलात तर आत ८० ची मर्यादा आहे, ओव्हरटेकिंगला बंदी आहे आणि समोरून वाहतूक येते. २४ ऑक्टोबर २००१ रोजी दोन ट्रकांच्या टकरीने इथे आग लागून ११ जण गेले. बिघाड किंवा धूर झाला तर गाडी उजवीकडे घ्या, इंजिन बंद करा, किल्ली आतच ठेवा आणि दर २५० मीटरवर असलेल्या सुरक्षा खोलीत शिरा. सामान घ्यायला परतू नका.

फोनमध्ये हे क्रमांक घालून ठेवा: सर्वसाधारण मदत ११२, पोलीस ११७, अग्निशमन ११८, रुग्णवाहिका १४४, हवाई बचाव १४१४, रस्त्यावरचा बिघाड १४०. बिघाडासाठी आधी भाड्याच्या कंपनीच्या करारावर दिलेला क्रमांक लावा. परस्पर दुसरी टोइंग गाडी बोलावली तर तिचे पैसे सहसा आपल्यालाच भरावे लागतात.